आक्कांचा वेगळा केक
केकासाठी तूप पातळ करायला ठेवलं की त्या वासानं मला दहावीतला नाताळ आठवतो. आईला ड्युटी होती, म्हणून कॅम्पातल्या आमच्या घरच्या नाताळच्या खाण्यापिण्याचे पैसे आणि यादी तिनं पहिल्यांदाच माझ्या हाती दिली. यादीत केकासाठी अंडी, लोणी होतं आणि खाली पुन्हा तूप, दही. दुबार लिहिलंय समजून मी ते खोडलं आणि वाचलेल्या पैशात काजू आणले. संध्याकाळी मी भाजलेल्या केकाचं ताट समोरच्या जैन आक्कांकडे नेलं. त्यांनी उंबऱ्यातच तुकडा तोंडात टाकला. "लई मऊ झालाय गं." आई आल्यावर मी ऐटीत सगळं सांगितलं, तर तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आक्कांचा बिनअंड्याचा कुठाय?" दर वर्षी आई त्यांच्यासाठी तूप-दह्याचा वेगळा केक करायची, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आई तशीच अनवाणी समोर धावली. तिचं ऐकून आक्का नळाशी बसून नुसत्या चुळा भरत राहिल्या. दर वर्षी शेंगदाण्याचे लाडू घेऊन परत येणारं आमचं ताट दुसऱ्या दिवशी घासूनपुसून रिकामं आलं. आता यादी मीच लिहिते. समोरच्या घराला कधीचं कुलूप आहे, तरी तूप आणि दही सगळ्यात वर असतं.