जिन्यातला पाणघोडा

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात पेंटरबाईंचं अर्धं आयुष्य गेलं. वडिलांचा हात थरथरू लागला तेव्हा त्यांचा ब्रश बाईंच्या हातात आला, तो काही सुटला नाही. पुढे पाट्या छापून मिळू लागल्या आणि बाई घरी बसल्या. नुसत्या बसतील तर शपथ. उरलेल्या पत्र्यांवर त्या प्राणी काढू लागल्या. चष्मा लावून पेपर वाचणारं गाढव, वजनकाट्यावर उभी राहून श्वास रोखणारी डुकरीण. नवरा म्हणायचा, "अगं, ही तर माझी आत्या!" बाई म्हणायच्या, "मी नाव घेतलंय का कुणाचं?"

इमारतीचा जिना रंगवायचं ठरलं तेव्हा सेक्रेटरींनी बाईंनाच गळ घातली. पोराबाळांना आवडतील असे प्राणीबिणी काढा म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा, तशी बाईंची गत झाली.

बघता बघता भिंतीवर प्राण्यांची सभा भरली. टेबलामागे गेंडा. समोर सगळे एकदम बोलतायत, आणि हा डोळे मिटून गप्प. त्याच्या शेजारी बगळा, एका पायावर, चोचीत किल्ल्यांचा जुडगा. वरच्या वळणावर दुसऱ्याच्या दाराला कान लावलेली साळुंकी. आणि खाली फाटकात आडवा पसरलेला पाणघोडा. त्याच्यावरून उड्या मारत, दप्तरं सांभाळत सशांची पिल्लं शाळेला निघालेली.

सुरुवातीला जो तो दुसऱ्याला ओळखून पोट धरून हसला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सांगत होत्या, साळुंकीत समोरच्या वहिनी हुबेहूब उतरल्यात. वहिनी नेमकं तेच काकूंबद्दल सांगत होत्या. मग अध्यक्षांच्या नातीने गेंड्याकडे बोट दाखवून "आजोबा" म्हटलं, आणि अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

चित्रं पुसायची का, यावर सभा बोलावली गेली. अध्यक्ष म्हणाले, गेंडा तेवढा पुसा, बाकीचे राहू द्या. सेक्रेटरींच्या मते गेंडा झकास होता, बगळाच काय तो खटकत होता. प्रत्येक प्राण्याविरुद्ध एकच हात वर होई आणि त्याला वाचवायला उरलेले सगळे. एवढं एकमत त्या इमारतीत पाण्याच्या पंपावरही कधी झालं नव्हतं. एकही प्राणी पुसला गेला नाही. बाई मागच्या खुर्चीत ओठ दाबून बसल्या होत्या. हसू आलं की खोकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर पहिल्या मजल्यावरचे कंत्राटदार. त्यांची गाडी कायम फाटकात आडवी. 'येथे गाडी लावू नये' ही तिथली पाटी बाईंनीच रंगवली होती, पण गाडीआड ती दिसेल तर ना. आता आपली काही धडगत नाही, असं बाईंना वाटलं. कंत्राटदार आत येऊन बसले, पाणी प्यायले.

"बाई, तो पाणघोडा म्हणजे मीच ना?"

बाई रिकामा पेला उचलू लागल्या.

"तसं माझं काही म्हणणं नाही. फक्त पोट जरा आत घ्या. बायको येता-जाता हसते."

बाईंनी विचार केला. "पोट आत घ्यायचं तर त्याला उभा करायला हवा. फाटकात तेवढी जागा कुठंय? जरा सरकला तर जमेल."

"कोण, पाणघोडा?"

"आधी तुम्ही सरका. मग तो."

संध्याकाळी गाडी भिंतीकडेला लागलेली दिसली. बाईही शब्दाला जागल्या. पाणघोडा आता ताठ उभा आहे, सडपातळ, शिवाय गळ्यात टाय. कंत्राटदार पाहुण्यांना मुद्दाम जिन्याने वर नेतात.

हे ऐकून शेजारच्या इमारतीनेही बाईंना बोलावलं. तिथलं कुणी ओळखीचं नाही, म्हणून बाई आधी नुसत्या चहाला जाऊन बसू लागल्या. पण त्या आल्या की तिथले लोक इतके गोड बोलतात, एकमेकांना वाट देतात, कचरासुद्धा झाकून नेतात, की काढावं तरी काय, हेच बाईंना कळेनासं झालंय.