दोडका, पडवळ आणि आमच्या बाई

आमच्या बाई माणसांना भाज्यांची नावं ठेवत. थट्टा म्हणून नव्हे, कामाचा भाग म्हणून. कारखान्याचा पर्सोनेल मॅनेजर दोडका, उंच युनियन लीडर पडवळ, कॅंटीनचा सुपरवायझर लाल भोपळा, आणि नव्या मशीनवरचे वयस्क मिस्त्री अळकुडी. फील्ड डायरीत, म्हणजे कारखान्यात दिवसभर जे पाहिलं-ऐकलं ते लिहायच्या वहीत, कुणाचंही खरं नाव येता कामा नये हा त्यांचा पहिला नियम होता. दुसऱ्या संशोधकांचे ए-१, बी-२ त्यांना पसंत नव्हते. त्या म्हणायच्या, "नंबर दिला की माणूस विसरतो आपण. दोडका म्हटलं की चेहरा आठवतो."

बाई दिल्लीतल्या एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक होत्या आणि माझ्या पीएचडीच्या गाईड. माणसं कामाच्या ठिकाणी काम कशी शिकतात हा त्यांचा विषय. सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत, मी एकटा 'बाई' म्हणायचो, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "शिंदे म्हणजे मराठी ना? मग मॅडम कोणाला म्हणतोस?"

मी मराठी होतो, पण जरा विरलेला. वडील फौजेत सुभेदार. माझं सगळं बालपण छावण्यांमध्ये, त्यातली शेवटची आठ वर्षं दिल्ली कॅंटोन्मेंटमध्ये गेलं. रिटायर होऊन आईवडील साताऱ्याकडच्या गावी गेले आणि मी दिल्लीतच, मुनिरक्यात, एक खोली भाड्यानं घेऊन राहू लागलो. आमच्या घरी मराठीच बोलत, पण भाजीवाला हिंदी होता. त्यामुळे तोरी, अरबी, टिंडा मला ठाऊक; दोडका म्हणजे काय ते आईला ट्रंककॉल करून विचारावं लागलं. पडवळ हे तर मी आडनावच समजत होतो. वडिलांच्या पलटणीत एक हवालदार पडवळ होते. बाई हे ऐकून इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

ते दिवस मोठे गमतीचे होते. देश उघडला होता. दर महिन्याला कुणीतरी परदेशी कंपनी कुणाशी तरी हात मिळवत होती, आणि आमच्या इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक पंचतारांकित हॉटेलांत सेमिनार घेऊन घेऊन गुटगुटीत होत चालले होते. पार्किंगमध्ये रोज नवी गाडी दिसे. बाई मात्र मयूर विहारच्या सोसायटीतून बसनंच येत. सेमिनारचं आमंत्रण आलं की म्हणत, "हॉलमध्ये माणूस टाळ्या वाजवायला शिकतो. काम शेजारच्याकडे बघून शिकतो. मला शेजारी बसू दे."

आणि त्या खरंच शेजारी बसत. फरीदाबादच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यानं इन्स्टिट्यूटला अभ्यासासाठी बोलावलं होतं. परदेशी भागीदाराबरोबर कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली होती, आणि जुने कामगार ती कितपत शिकतात हे कंपनीला पाहायचं होतं. आम्ही सकाळी आश्रम चौकात भेटायचो आणि बल्लभगडची बस पकडायचो. पहिला आठवडा बाईंनी मला पेन काढू दिलं नाही. "पेन काढलं की माणूस भाषण करतो," त्या म्हणाल्या. दुपारी त्या कामगारांच्या शेडमध्ये जमिनीवर मांडी घालून डबा उघडत. हिंदी तर अशी की ऐकत राहावं. "आपका मशीन बहुत त्रास देता क्या?" असं त्यांनी विचारलं की शेडमध्ये हसू फुटे आणि त्या हसण्यातून बोलणं सुरू होई. त्यांची हिंदी मुळातच इतकी वाईट होती, का कारखान्यात जाताना त्या ती मुद्दाम जरा आणखी बिघडवत, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

अळकुडी, म्हणजे रामदुलार मिस्त्री, हे आमच्या अभ्यासाचे खरे नायक होते. (हे नावही मी इथे बदललेलं आहे.) पूर्वांचलातून फरीदाबादला येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. पन्नाशी उलटलेले, बुटके, बोटं तेलानं कायमची काळी. नव्या मशीनसमोर ते डोळे अर्धे मिटून उभे राहत. धातू कापणाऱ्या टूलची धार गेली की आवाज बदलतो, आणि मशीनची घंटा वाजायच्या आधी त्यांना ते कळे. पण मशीनच्या पॅनलवरची बटणं इंग्रजीत होती आणि रामदुलारना इंग्रजी वाचता येत नव्हतं. कुठलं बटण कुठल्या रांगेत, कुठल्या रंगाचं, यावर त्यांनी सगळं पाठ केलं होतं. हे कारखान्यात त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, चहा पिता पिता, हळू आवाजात.

मी ते लिहून ठेवलं. सुंदर इंग्रजीत, दोन पानं, एक आवाजाचं, एक बटणांचं. आणि भाज्यांचा गोंधळ नको म्हणून नावही खरं लिहिलं. नंतर बदलू, असं स्वतःला सांगून.

पर्सोनेल मॅनेजर गोड माणूस होता. मला 'यार' म्हणायचा, दोनदा आपल्या नव्या गाडीतून आश्रमपर्यंत सोडलं होतं. एके दिवशी केबिनमध्ये बसवून म्हणाला, "तुम्हारे नोट्स की बड़ी तारीफ सुनी है. एक दिन के लिए दो ना, मैं भी कुछ सीखूँ." माझ्या कामाची तारीफ तोवर कुणी केली नव्हती. बाई तर फक्त स्पेलिंग दुरुस्त करायच्या. मी वही दिली. त्यानं दुसऱ्या दिवशी परत केली, थँक्यू म्हणाला, समोसे मागवले.

पुढच्या सोमवारी मशीनवर दुसराच माणूस होता. मिस्त्री पॅकिंगमध्ये खोकी बांधत होते आणि त्यांच्या खिशात स्वेच्छानिवृत्तीचा कोरा फॉर्म होता. साहेबानं त्यांना बोलावून म्हटलं होतं, तुम्हाला पॅनल वाचता येत नाही असं इन्स्टिट्यूटच्या लोकांनी लिहिलंय. दोन पानांतलं आवाजाचं पान त्यानं बहुधा उलटलंच नसावं.

त्या दिवशी बाईंचं लेक्चर होतं म्हणून मी एकटाच गेलो होतो. संध्याकाळी त्या आश्रम चौकात मला भेटल्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या रागावतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव खरं लिहिलं होतंस?"

"हो."

बल्लभगडची एक बस गेली, दुसरी गेली. तिसरी आली तेव्हा म्हणाल्या, "चल."

"आत्ता? कुठे?"

"त्यांच्या घरी. आणि बोलायचं मी. तू नुसता बस."

मिस्त्रींचं घर कारखान्यामागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. मिस्त्रीच आम्हाला पाहून ओशाळले. "अरे, लिख दिया तो लिख दिया. झूठ तो नहीं लिखा," असं म्हणून त्यांनी खाट झटकली. पण त्यांच्या पत्नी दारात उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ये बात इन्होंने हमारे बच्चों को भी नहीं बताई थी. आपने साहब को बता दी?"

मला आजही ते वाक्य त्या आवाजासकट ऐकू येतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "गलती मेरा है," त्या म्हणाल्या. "इसको मैंने सिखाया. नीट नहीं सिखाया." त्या दिवशी त्यांच्या हिंदीला कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मॅनेजरकडे गेल्या आणि अभ्यास इथेच थांबवतो, रिपोर्ट देणार नाही, असं सांगून आल्या. तो हसून म्हणाला, "मॅडम, अब रिपोर्ट की ज़रूरत भी कहाँ है." परत येताना बसमध्ये बाईंनी पहिल्यांदाच माझ्यासमोर एक अस्सल मराठी शिवी दिली. ती मात्र मला ठाऊक होती; छावणीत ऐकलेली.

मग जे सुरू झालं त्याचं माझ्या थिसिसमध्ये एक अक्षरही नाही. मिस्त्रींनी फॉर्मवर सही करायला नकार दिला होता, आणि बाईंनी ठरवलं की आपण दर रविवारी फरीदाबादला जायचं. मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर मशीनचं पॅनल काढलं, बटणांच्या जागी सोड्याच्या बाटल्यांची बुचं चिकटवली. मिस्त्रींनी पुठ्ठा बघितला आणि पहिल्याच मिनिटाला माझ्या चार चुका काढल्या. "ये लाल वाला नीचे है. और ये यहाँ नहीं, दो अंगुल बाएँ." जागा त्यांना माझ्यापेक्षा पक्क्या माहीत होत्या, राहिली होती फक्त अक्षरं. 'स्टार्ट', 'स्टॉप', 'फीड', 'रीसेट'. बाई खाटेवर बसून एकेक शब्द म्हणायला लावत आणि मी बोट ठेवायचो.

तिसऱ्या रविवारी मिस्त्री एका शब्दावर अडले. कपाळावर घाम, बोट बुचावर, आणि तोंडातून शब्द निघेना. तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीतून आवाज आला, "फीड होल्ड!" त्यांच्या पत्नी पीठ मळत आतून बघत-ऐकत होत्या; पुठ्ठा एरवी आठवडाभर त्यांच्याच भिंतीला टेकलेला असे. दोन्ही हातांना कणीक तशीच घेऊन त्या बाहेर आल्या आणि पुठ्ठ्यावरची निम्म्याहून अधिक बटणं त्यांनी न चुकता वाचून दाखवली. मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आम्हाला त्या घरात पहिल्यांदा जेवायला बसवलं गेलं.

इकडे नव्या लाइनवरचा माल खराब निघत होता, ग्राहकाकडून परत येत होता, आणि प्रॉडक्शनचा प्रमुख हैराण झाला होता. त्याला पर्सोनेलच्या कागदांपेक्षा गिअर महत्त्वाचे होते. युनियन लीडरनं त्याला गाठून म्हटलं, मिस्त्रींची परीक्षा घ्या. त्यानं घेतली, मशीनसमोर उभं करून. मिस्त्रींनी वरून खाली सगळी बटणं वाचली, मग डोळे अर्धे मिटून म्हणाले, "टूल बदलवा दीजिए, साहब." टूल काढून पाहिलं तर धार खरंच गेलेली. सोमवारी ते परत आपल्या जागेवर होते. हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं, घरमालकामार्फत मुनिरक्याच्या पीसीओवर बोलावून घेऊन.

मी आनंदानं वेडा होऊन बाईंकडे धावलो. मयूर विहारला त्यांच्या सोसायटीची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती, चार मजले चढून गेलो. "बाई, हाच माझा थिसिस! कामाच्या ठिकाणचं शिकणं याहून चांगलं कुठे दिसणार? बिल्कुल परफेक्ट केस आहे."

बाई भेंडी चिरत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या.

"का पण? आता तर सगळं छान झालंय. नाव बदलून लिहितो ना."

"हा अभ्यास नव्हता, विलास. हे निस्तरणं होतं. निस्तरण्यावर पीएचडी मिळत नाही." आणि थोडं थांबून, "जेवून जा."

माझं दीड वर्ष वाया गेलं. तेव्हा मला ते वायाच वाटलं होतं. मुनिरक्याचे मित्र एकेक करून डॉक्टर झाले आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बायकांच्या शेजारी नव्यानं बसायला लागलो. पहिला आठवडा अर्थात पेन न काढता.

पुढे मला गुडगावात नोकरी लागली, काचेच्या नव्या इमारतीत, ट्रेनिंग विभागात. काही वर्षांनी एकदा बॉसनं नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगमधल्या सराव-परीक्षांचे मार्क नावानिशी मागितले. कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही, पण कुणाला काढायचं ते ठरवायला, हे मला कळलं. त्या रविवारी मी मयूर विहारला गेलो. बाई रिटायर होऊन मिरजेला बहिणीकडे कायमच्या निघाल्या होत्या, घरभर खोकी. मी सगळा पेच मांडला. मला वाटलं, आता त्या काहीतरी मोठं, जन्मभर पुरेल असं बोलतील.

"मार्क वर साहेबांकडे जाणार असं त्या लोकांना आधी सांगितलं होतंस?"

"नाही. सराव आहे, घाबरू नका, असं सांगितलं होतं."

"मग मला काय विचारतोस? ही सुतळी धर."

दुपारभर मी पुस्तकं बांधली. सोमवारी बॉसला नाही म्हटलं. नोकरी लगेच गेली नाही. आधी केबिन गेली, मग तीन महिन्यांनी नोकरी. मिरजेला फोन करून सांगितलं तर बाई म्हणाल्या, "चला, आता शिकवायला लाग कुठेतरी. डिग्रीचा काहीतरी उपयोग होऊ दे." मी लागलो. अजून तेच करतो आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी बाई गेल्या. बहिणीचं पत्र आलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते निजामुद्दीन स्टेशनवर, त्या मिरजेला निघाल्या तेव्हा. सामान सीटखाली सरकवून, पाण्याची बाटली देऊन मी खाली उतरलो, आणि नमस्कार करायचा राहिला म्हणून खिडकीपाशी गेलो. एसी डब्याची बंद काच. आत बाईंच्या समोर एक अनोळखी बाई येऊन बसली होती आणि हातवारे करत काहीतरी सांगत होती. बाई पुढे वाकून ऐकत होत्या, जेवणाचा डबा मांडीवर, अजून न उघडलेला. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं, जरा थांब, हिचं होऊ दे.

मी थांबलो. गाडी सुटली तरी तिचं झालं नव्हतं.