ढकलण्याचे चार प्रकार

कोर्टातल्या आमच्या भाषांतरकार बाई जबानीतलं क्रियापद डोळ्यांनी बघितल्याशिवाय इंग्रजीत लिहायच्या नाहीत. मी त्यांचा टायपिस्ट. कुणी "ढकललं" म्हणालं की बाई रिकामी खुर्ची पुढे करायच्या: करून दाखवा. सरकवलं तर पुश. रागानं धक्का दिला तर शव्ह. फेकलं तर थ्रो. जीव खाऊन भिरकावलं तर हर्ल. वकील कपाळाला हात लावायचे. पण वरच्या कोर्टात फक्त इंग्रजी कागद वाचला जायचा, आणि शिक्षा त्याच्यावर ठरायची.

त्या दुपारी एक शिवणकाम करणारी मुलगी पायाला प्लास्टर घालून आली. नवऱ्यानं तिला जिन्यावरून ढकललं होतं. तोच जामिनावर सुटून तिला दंडाला धरून घेऊन आला होता. माझं डोकं तेव्हाच फिरायला हवं होतं.

बाईंनी खुर्ची पुढे केली. मुलीनं नवऱ्याकडे बघितलं आणि खुर्चीच्या पाठीला नुसती बोटं टेकवली.

"पुश लिहा," नवरा म्हणाला. वकिलानं पढवून पाठवला होता.

बाई उठल्या. "एवढ्यानं खुर्ची हलली नाही. मग ही अकरा पायऱ्या खाली कशी गेली? आता तुम्ही दाखवा."

त्यानं खुर्चीला बोट लावलं. बाई शांतपणे म्हणाल्या, खोटं.

त्यानं बाईंना दोन्ही खांद्यांना धरलं आणि लोखंडी कपाटावर फेकलं. बाईंचं कपाळ फुटलं, अंगाखाली मनगट मोडलं; मोडल्याचा आवाज मी ऐकला. वर त्यानं पोटात लाथ घातली. मी पेपरवेट उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मग दारावरचा शिपाई धावत आला आणि त्याला खाली पाडून छातीवर गुडघा देऊन बसला.

डॉक्टरला बोलवायला मी फोनकडे धावलो, तर बाईंनी मला थांबवलं. मुलगी उभी राहिली होती, एका पायावर.

"मला याच्या दुप्पट जोरानं," ती म्हणाली.

तिनं खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि भिंतीवर भिरकावली. खुर्चीची पाठ तुटून बाईंच्या पायाशी पडली.

बाईंनी डोळ्यांवरचं रक्त पुसलं आणि मला टाइप करायला सांगितलं. मी हर्ल टाइप केलं. मुलीनं कागद मागून घेतला आणि शिपायाच्या गुडघ्याखाली पडलेल्या नवऱ्याकडे बघत सही केली.