दोन रुसलेले कबड्डीपटू आणि माझा फाईट सीन

काल माझा फाईट सीन पास झाला... आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. म्हणून ऑफिसला निघायच्या आधी घाईघाईत लिहितेय.

मी अ‍ॅनिमेटर आहे. मीरा रोडला शांती नगरमध्ये आमचा छोटासा स्टुडिओ आहे आणि सध्या एक शॉर्ट फिल्म चालू आहे. त्यातली दोन मिनिटांची मारामारी माझ्या वाट्याला आली... दोन योद्धे, लहानपणीचे जिवलग मित्र, आता एकमेकांच्या जिवावर उठलेले.

अट एकच. संवाद नाही, फ्लॅशबॅक नाही. हे दोघं कधीकाळी मित्र होते, हे नुसत्या हालचालींतून कळलं पाहिजे.

तीन आठवडे राबले. उड्या, लाथा, उडणारी धूळ, सगळं झकास... गुरुवारी आमच्या दिग्दर्शक सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "फाईट मस्त आहे. पण हे दोघं आज पहिल्यांदाच भेटल्यासारखे वाटतायत." सोमवारपर्यंत जमलं नाही तर सीन दुसऱ्याकडे जाणार, हेही सांगून टाकलं.

तोंड पाडून घरी आले. आम्ही भाईंदर पश्चिमेला मोरव्यात राहतो आणि माझे बाबा एकेकाळी गावच्या कबड्डी संघाचे कॅप्टन होते. म्हटलं, त्यांना गच्चीवर नेऊन मोबाईलवर शूट करू... खरी माणसं कशी हलतात ते बघून काढलं तर काहीतरी सुचेल.

समोर माझ्या भावाला उभं केलं. दोन मिनिटांत बाबा वैतागले. "असा न्हाय येत तो. डावीकडं बघतो आनि उजवीकडनं घुसतो."

"तो कोण?" भावाने विचारलं. बाबांनी विषयच बदलला... पण आम्हा दोघांनाही कळलं.

दामूकाका. बाबांचे बालमित्र, संघातले जोडीदार, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. नऊ वर्षांपूर्वी गावचा संघ निवडायचं काम बाबांकडे होतं, त्यांनी काकांच्या मुलाला वगळलं आणि तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी मान फिरवतात.

दुसऱ्या दिवशी बाबांना न सांगता मी काकांकडे गेले. "तुज्या बापसानं पाठवली का?" त्यांनी दारातच विचारलं.

"नाही काका. माझंच काम अडलंय." सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच्याशी बोलायला लागंल का?"

"अजिबात नाही. बोलायचंच नाहीये त्यात."

"मंग येतो."

शनिवारी संध्याकाळी काका आमच्या गच्चीवर आले. बाबांनी त्यांना पाहिलं आणि उठून उभे राहिले... मला वाटलं, आता तडक खाली जातील. पण त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. काकांनीही काढल्या. आणि दोघं एकाच क्षणी वाकले, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. असं करा म्हणून मी सांगितलं नव्हतं हं.

साठीचे दोन पोट सुटलेले पुरुष... सुरुवातीला हळूहळू, मग खरंच एकमेकांना भिडले. बाबांनी काकांचा उजवा घोटा पकडला, लगेच सोडला आणि डावा धरला. काकांचा उजवा घोटा एका मॅचमध्ये मोडला होता आणि बाबांनीच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं होतं, हे मला आईकडून नंतर कळलं.

आणि मग काकांनी बाबांना जोरात ढकललं. त्यात अ‍ॅक्टिंग नव्हती, नऊ वर्षांचा राग होता. बाबा मागे तोल जाऊन पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर आदळणार, तेवढ्यात काकांचा तळवा त्यांच्या डोक्यामागे गेला... आपटला तो काकांचा हात.

एक सेकंद दोघं तसेच. मग काकांनी हात झटकन काढून घेतला आणि तोंड फिरवलं... आधीपेक्षा जास्त चिडून. मला हवा होता तो सीन माझ्यासमोर घडला होता.

रविवारभर जागची हलले नाही. एक योद्धा दुसऱ्याचं डोकं खडकावर आपटण्यापासून वाचवतो, आणि आपण काय केलं हे त्याच्या लक्षात येतं. चेहरा मी दाखवलाच नाही... फक्त त्याची बोटं. आधी पसरलेली, मग एकेक करून मुठीत मिटणारी. चोवीस फ्रेम्स, म्हणजे पडद्यावर एक सेकंद, बस.

काल सरांनी पाहिलं. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. "आत्ता कळलं," एवढंच म्हणाले. आमची साऊंडवाली मागून म्हणाली, "इथे मी म्युझिक टाकणारच नाही."

मी अक्षरशः उड्या मारत घरी आले. काकांनाही बोलावलं आणि लॅपटॉप मध्ये ठेवून दोघांना सीन दाखवला. दोघं आपापल्या खुर्चीत. काकांनी हाताचा तो शॉट तीनदा मागे न्यायला लावला... खुणेनेच.

सीनच्या शेवटी मी मदतीबद्दल आभार म्हणून दोघांची नावं टाकली होती. दामोदर, खाली परशुराम. बाबांनी चष्मा वर केला. "याचं नाव वर का?"

"बाबा, द आधी येतो, मग प."

"कॅप्टन मी व्हतो."

काकांनी मान वळवून थेट बाबांकडे पाहिलं. "कॅप्टन व्हतास रं... पन पॉइंट कोन आनायचा?"

पुढची चाळीस मिनिटं कुठल्या मॅचमध्ये कोणी कोणाला वाचवलं यावरून दोघं तावातावाने भांडत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात ठेवून उभी.

काकांच्या मुलाचा विषय काल निघाला नाही. निघेल तेव्हा पुन्हा भडका उडेल, मला माहितीये... पण काल मी त्या दोघांच्या मधोमध लॅपटॉप घेऊन बसले होते आणि इतकी खूश मी कितीतरी दिवसांत नव्हते.

बाबा, दामूकाका, मनापासून थँक्यू. नावांचा क्रम मात्र बदलणार नाही.