कादंबरी हातात द्या

"ठेवा तिथं ओट्यावर. जरा ऊन लागू द्या तिला," वहिनी म्हणाल्या.

माझा हात पुढेच राहिला. हातात वहिनींची जाडजूड कादंबरी, पहिला भाग. दुसरा भाग वहिनींच्या घरात. तोच न्यायला मी रविवारी धावतपळत आले होते. पहिल्या भागाच्या शेवटी त्यातली बाई लेकीचा हात धरून कोर्टाच्या पायरीवर उभी आहे आणि आत कोण बसलंय ते तिला ठाऊक नाही. अशा जागी भाग संपवणाऱ्याला धरून झोडावं असं वाटलं होतं मला. ही कादंबरी आता छापत नाहीत. नगरच्या दुकानांतही विचारून झालं होतं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स. मिरजगावला बदली होऊन आले आणि इथल्या बायकांची पुस्तकांची भिशी आहे हे ऐकून हरखून गेले. प्रत्येकीने आपली एक कादंबरी घालायची. वाचून झाली की रविवारी पुढच्या घरी स्वतः नेऊन द्यायची, चहा प्यायचा, फक्त शेवट फोडायचा नाही. शेवटच्या बाईने पुस्तक मालकिणीला परत करायचं. क्रम भिशी चालवणाऱ्या या वहिनी लावायच्या. माझा नंबर कायम शेवटचा. "तुम्हाला ड्युटी असते सिस्टर, निवांत वाचा," त्या म्हणायच्या. मला ती माया वाटली. काय बावळट मी!

"ऊन कशाला, वहिनी?" मी विचारलं.

"दवाखान्यातून येता ना तुम्ही. मनाला लावून घेऊ नका."

खोटं. माझ्या आधी आमच्याच दवाखान्यातल्या लॅबवाल्या मॅडम आल्या होत्या. दिवसभर थुंकीच्या डब्या हाताळतात त्या. फाटकातून शिरताना मी बघितलं, त्यांचं पुस्तक वहिनींनी कणकेच्या हातांनी घेतलं आणि छातीशी धरलं. म्हणजे फरक दवाखान्याचा नव्हता, आडनावाचा होता. आमची जात या गावाला मी भाड्याची खोली बघत फिरले तेव्हाच कळली होती.

आई सांगायची, तिच्या लहानपणी दुकानदार गूळ वरून ओंजळीत टाकायचा. मला वाटायचं, गेले ते दिवस. याच वहिनींच्या नातवाला मी मांडीवर घेऊन डोस पाजलाय. त्याला नव्हतं कुणी उन्हात ठेवलं.

वहिनींनी दुसरा भाग बाहेर आणला. ओट्याच्या कडेला ठेवला आणि मागे सरकल्या.

माझे हात शिवशिवत होते. खरं सांगते, उचलावासा वाटत होता. फार वाटत होता.

"हातात द्या," मी म्हणाले.

"अहो, ठेवलंय की."

"हातात द्या, वहिनी. नाहीतर राहू द्या."

शेजारच्या काकू, भिशीतल्याच, कुंपणापलीकडून सगळं ऐकत होत्या. "उगं कशाला वाडवताय, सिस्टर? उचला की. पुस्तकच हाय ते."

"पुस्तकच आहे ना काकू? मग हातात द्यायला काय होतंय?"

वहिनींनी पदर सारखा केला आणि आत गेल्या. "हा वहिनींना द्या," म्हणत मी पहिला भाग कुंपणावरून काकूंपुढे धरला. धरूनच ठेवला. शेवटी त्यांनी हात पुढे केला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

मी रिकाम्या हाताने खोलीवर आले. अंगाची लाही लाही होत होती. बसवेना. भिशीतून फिरून आलेली माझी कादंबरी काढली. इतरांच्या पुस्तकांत काही ना काही सापडायचं. हळदीचं बोट, चहाचा डाग, एसटीचं तिकीट. माझी, भिशीत घालायला नवीच घेतलेली, तशीच कोरी करकरीत. छापखान्यात कापायची राहिलेली मधली दोन पानं अजून एकमेकांना जोडलेलीच. साऱ्या घरांत फिरली आणि कुणी उघडलीसुद्धा नाही. आणि ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं होतं, 'छान आहे', 'खूप आवडली'. तेव्हा मात्र मी रडले. संतापाने रडले.

ती पानं मी पट्टीने फाडून मोकळी केली. पुढच्या रविवारी कादंबरी घेऊन कर्जतजवळच्या आमच्या वस्तीवर गेले. भावजय गोठ्यात होती. पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"ताई, माजं हात शेनानं भरल्यात."

"असू दे. लागू दे डाग. घे."

तिने घेतली. तिच्याकडून ती आता चुलतबहिणीकडे गेलीय. मधे कुणाची पोरगी ती घेऊन शाळेत गेली, ते वेगळंच भांडण झालं. आमची भिशी सुरू झालीय. तिथे शेवटचा नंबर कुणाचा कायमचा नाही.

कोर्टात आत कोण बसलं होतं, मला अजून ठाऊक नाही. दवाखान्यात सलाईन लावतानाही ते मधेच डोक्यात येतं आणि जीव तळमळतो. तळमळू दे. त्या ओट्यावरून मी ते पुस्तक उचलणार नाही.

वहिनींना आमच्या भिशीत यायचं असेल तर खुशाल यावं. पण पुस्तक मी कुठेही ठेवणार नाही. हातातच देईन. हात त्यांनी पुढे करायचा.