सासूच्या कबरीत जायचं नाही

ईस्टरच्या पहाटे आमची सगळी मंडळी आधी कबरस्तानात जाते आणि मग चर्चमध्ये. उजाडायच्या सुमाराला तिथं चुन्याचे डबे, खराटे, झेंडूच्या पिशव्या आणि मेणबत्त्या घेऊन गर्दी होते. ज्याची त्याची माणसं खाली असतात, जो तो आपली कबर धुतो, चुना मारतो आणि शेजारच्यांनी यंदा काय काय लावलंय ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घेतो. आई पप्पांच्या कबरीला चुन्याचे दोन हात द्यायची. मग डब्यात तळाशी जे उरेल त्यात पाणी ओतून त्यावर आजीची कबर उरकायची. आजी म्हणजे आईची सासू. "म्हातारीला पांढऱ्याची आवड नव्हती," असं वर कारण द्यायची. आजी विधवा झाल्यापासून पांढरंच नेसत होती, पण आईशी वाद कोण घालणार.

आमच्यात मेलेला माणूस मेला असं म्हणत नाहीत, झोपला म्हणतात. प्रभू परत येणार, कर्णा वाजणार, विश्वासात झोपलेले सगळे त्या आवाजानं कबरीतून उठणार, आणि त्या दिवशी जे जिवंत असतील ते उठलेल्यांच्या सोबत तसेच उचलले जाणार, अशी आमची शिकवण. म्हणून आमच्या कबरस्तानात पाय पूर्वेकडं करून ठेवतात. उठून बसलं की समोर प्रभू, मान वळवायची गरज नाही. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मातीत शरीराचं काय होतं ते दरवर्षी पोरांना सांगते, आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर उभी राहून मेलेले उठतील यावर माझा विश्वास आहे असं मोठ्यानं म्हणते. आईला हे ठाऊक होतं. "तुझा विश्वास सोमवारी कॉलेजच्या गेटापाशी उतरतो," म्हणायची.

पप्पांना जाऊन पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी भक्ती संपल्यावर पंच उभे राहिले. पंच म्हणजे चर्चचा कारभार बघणारी वडीलधारी माणसं. त्यांनी सांगितलं की कबरस्तान भरलं. एकेकाळी ते गावाबाहेर होतं, आता चारी बाजूंनी घरं झालीत, भिंत सरकवायला जागा नाही. यापुढं नवी जागा मिळणार नाही. प्रत्येक कुटुंबानं आपलीच जुनी कबर उघडायची, आतली हाडं गोळा करून बाजूला ठेवायची आणि नव्या माणसाला तिथंच जागा द्यायची. मात्र कबर बारा वर्षं जुनी पाहिजे, त्याच्या आत उघडायची नाही.

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "म्हणजे मी आत्ता गेले तर?"

"तुला कुठं जायचंय आत्ता?"

"इचारलं त्याचं सांग. पप्पांची कबर उघडायला अजून सात वर्षं हायेत. मग मला कुठं घालणार?"

आमच्या कुटुंबाच्या कबरी दोनच, आणि त्यातली बारा वर्षं उलटून गेलेली फक्त आजीची.

"सासूच्या कबरीत मी जायची नाय," आई म्हणाली. एवढ्या जोरात म्हणाली की रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं. "अठ्ठावीस वर्षं एका छपराखाली काढली तिच्यासंगं. आता डोळे उघडले की पहिलं तिचंच तोंड? कर्णा वाजल्यावर? ते पुनरुत्थान झालं का सासुरवास झाला?"

तिचा राग मला नवा नव्हता. पप्पा हर्सूलच्या तुरुंगात नोकरीला होते आणि आम्ही तिथंच जवळ राहायचो. आजीनं आईच्या हातच्या भाकरीला एकदाही बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. भाकरी पातळ झाली तर "कागद भाजलाय", जाड झाली तर "वीट थापलीय". पाहुणे आले की आईच्या देखत सांगायची, पोराला चांगल्या घरची मिळत होती, पण प्रार्थनेत काही तरी कमी पडलं. पप्पा तेवढ्यात उठून चपला शोधायला लागायचे. आई चुलीपुढं बसून ऐकायची आणि भाकरी उलटायची.

पुढं आजीचे कान गेले. थोडे नाही, ठार गेले. तुरुंगाचे टोल पडायचे तेव्हा आमच्या खिडकीची तावदानं हलायची, पण आजीला पत्ता नसायचा. पप्पांचं बरोबर उलटं. नोकरीनं त्यांची झोप अशी नासवली होती की पत्र्यावरून मांजर गेलं तरी ते उठून बसायचे. आजीला सकाळी उठवायचं म्हणजे एक कामच होतं. हाक मारून उपयोग नाही, आणि खांद्याला हात लावला तर ती दचकून हात उगारायची. माझ्या कानाखाली एकदा बसली होती. जमायचं ते फक्त आईला. आई पायथ्याशी बसायची आणि उजव्या हातानं तिच्या पायाचा अंगठा धरून हळूच ओढायची, दोनदा. मग आजी डोळे उघडायची आणि आईकडं बघून रोज एकच विचारायची, "आला का?"

म्हणजे प्रभू आला का. आजीचा विश्वास फार कडक होता, रात्री झोपताना ती त्या तयारीनंच झोपायची. आई मान हलवून नाही म्हणायची आणि चहाची बशी तिच्यापुढं धरायची. आजी चहा प्यायची आणि चहाला नाव ठेवायची. मरेपर्यंत हे असंच चाललं.

तर त्या रविवारनंतर आईनं जगायचं ठरवलं. त्याआधी तिचं वागणं वेगळंच होतं. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हृदयाच्या नळ्या बुजत आल्यात, स्टेंट टाकावा लागेल. तर आई हात झटकून म्हणायची, कशाला टाकता, देवाघरी जायचंय, तिथं काय नळ्या बघणारेत. मी रडले, भांडले, चर्चच्या पाळकांना मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. आणि आता सोमवारी सकाळी ती पिशवी भरून, चपला घालून दारात उभी. "चल. ते काय टाकायचंय ते टाकू दे त्याला."

डॉक्टरांना वाटलं माझ्या समजावण्याचा गुण आला. मी त्यांना तसंच वाटू दिलं. सासूच्या कबरीपासून लांब राहायचंय म्हणून पेशंट तयार झालाय, हे त्यांच्या कागदावर कुठं लिहिणार.

स्टेंट पडला. मग लोणचं बंद, पापड बंद, सकाळी कारल्याचा रस. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत ती पहाटे फेऱ्या मारायची आणि मलाही ओढत न्यायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, या वयात काय उत्साह आहे. आई म्हणायची, "माझी मुदत हाय." बायका एकमेकींकडं बघायच्या.

प्रभूच्या येण्याबाबतही तिचे विचार जरा व्यवहारी झाले. पाळक घरी प्रार्थनेला आले की ती त्यांना खोदून विचारायची की खुणा कुठवर आल्यात. बातम्यांत कुठं युद्ध लागलं, कुठं जमीन हादरली, तर आवाज मोठा करून ऐकायची. तिचा हिशोब सरळ होता. ती जिवंत असताना प्रभू आला तर ती तशीच उचलली जाणार, कबरीचा प्रश्नच मिटला. नाही आला तर सात वर्षं काढायची आणि पप्पांच्या शेजारी जायचं. "दोन्हीकडून आपलंच," म्हणायची. पाळकांनी एकदा जपून सांगितलं की मावशी, त्या दिवशी कोण कुठं झोपलं होतं याला काही अर्थ राहणार नाही. आई म्हणाली, "साहेब, तुमच्या सासूबाई कुठं असतात?" पाळक म्हणाले, गावी. "मंग," आई म्हणाली आणि त्यांना चहा दिला.

मी हसायचे खरी, पण मला मनातून त्या नियमाचे पाय धरावेसे वाटायचे. देवाच्या नावानं मरायला निघालेली बाई सासूच्या नावानं जगत होती. मला आई हवी होती, तिचं कारण काहीही असो.

सात वर्षं सरली. गेल्या ईस्टरला आम्ही कबरस्तानात गेलो तेव्हा पप्पांच्या कबरीला बारा वर्षं होऊन गेली होती. चुना मारता मारता मी म्हटलं, "आई, सुटलीस. आता मरायला हरकत नाही." असलं आम्ही मायलेकी बोलायचो. ती हसली. पण त्या दिवशी तिनं डब्यात पाणी ओतलं नाही. घट्ट चुन्याचे दोन हात आजीच्या कबरीला दिले, मग गुडघा धरून तिथंच कठड्यावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मला वाटलं दमली.

पुढच्या आठवड्यात दुपारी चहा बशीत ओतता ओतता म्हणाली, "मला म्हातारीच्यात ठेव."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझं डोकं सटकलं. "सात वर्षं मला कारल्याचा रस करायला लावलास. पहाटे फेऱ्या मारायला लावल्यास. त्या पाळकांच्या सासूबाईंना मध्ये आणलंस. आणि आता आजीच्यात?"

"ऐक तर."

"काय ऐकू? पप्पांचं काय?"

"त्यांना काय करायचंय माझं? मांजर गेलं तरी जागे होनारा मानूस. कर्णा ओठाला लावायच्या आधीच उठून बसतील. चपला शोधतील. तोवर आम्ही येतोच." तिनं बशी खाली ठेवली. "म्हातारीला ऐकूच यायचा नाय गं."

"काय?"

"कर्णा. टोल ऐकू यायचे नायत तिला, कर्णा कसा येईल? सगळं कबरस्तान उठून चालू लागंल आणि ही आपली खाली पडलेली. मोठमोठ्यानं घोरत असंल. एवढी वाट बघितलेली बाई."

मी शिकवणी सुरू केली. म्हटलं, उठल्यावर सगळ्यांना नवं शरीर मिळणार असं तुमचंच पुस्तक सांगतं, त्यात बहिरेपण राहणार नाही.

"नवं मिळतं ते उठल्यावर," आई म्हणाली. "उठायच्या आधी कान जुनेच असनार ना?"

पुढं मी हेच पाळकांना विचारलं. ते म्हणाले, विचार करून सांगतो.

"आणि तुला तिचं तोंड बघायचं नव्हतं ना?" मी म्हटलं. माझा आवाज तोवर बारीक झाला होता.

"ते अजून पन नाय बघायचं." आई पदरानं चष्मा पुसत बसली. "पन तिला दुसऱ्या कुनाचा हात चालत न्हवता. रोज इचारायची, आला का. रोज मी नाय म्हनायची. तिला लई वाईट वाटायचं गं, दिसायचं मला. एक दिवस तरी मला व्हय म्हनू दे की."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि यातलं कुठलं आधी आवरावं ते कळेना म्हणून मी कपबशा उचलून आत नेल्या. बाहेरून तिचा आवाज आला, की चहा पाणचट झाला होता. तेवढं आजीचं तिच्यात उतरलेलं होतं.

दिवाळीनंतर ती गेली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. स्टेंट शेवटपर्यंत नीट चालू होता, असं डॉक्टर म्हणाले.

कबर खोदणारे चाचा मुसलमान आहेत, शहरातल्या आमच्या आणि त्यांच्या अशा दोन्ही कबरस्तानांत काम करतात. त्यांनी सकाळीच आजीची कबर उघडून हाडं पांढऱ्या कापडात बांधून ठेवली होती. लहानसं गाठोडं झालं होतं. घरभर जिचा दरारा होता ती बाई एवढ्याशात मावली. प्रार्थना झाली, पेटी दोरांनी खाली उतरवली, पाय पूर्वेकडं. मंडळींनी गाणं धरलं. चाचा खड्ड्यात उतरले आणि गाठोडं हातात घेऊन मला म्हणाले, "बाई, ये दादी को किधर रखूं? सिरहाने के पायताने?"

"उशाशी नको, पायथ्याशी पण नको. उजव्या हाताशी ठेवा."

"उधर जगा नहीं है."

"करा थोडी."

पाळक माझ्याकडं बघायला लागले. सोमवारी मला अकरावीच्या वर्गात सांगाडा शिकवायचा होता, मानवी हाताची सत्तावीस हाडं, त्यांची नावं, त्यांचे सांधे. चाचांनी कुदळीनं बाजूची माती कोरली आणि गाठोडं पेटीच्या उजव्या अंगाला, मधोमध, लावून ठेवलं. मी कडेला उकिडवी बसले आणि वाकून विचारलं, "हात पोचेल ना?"

चाचांनी वर बघितलं. मग गाठोडं थोडं आणखी पेटीकडं सरकवलं.

"पोंचता, बाई," ते म्हणाले. "आराम से पोंचता."