वीस तारखेच्या आत

रेशन कार्डासाठी आलेला माणूस आधी विचारतो, मिळेल का? मग विचारतो, किती मिळेल? चिमाबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या टेबलासमोर उभं राहून विचारलं, "कंच्या महिन्यापास्नं?"

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत पुरवठ्याच्या टेबलावर कारकून होतो. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं आणि अगदी गरिबांसाठी अंत्योदयची कार्डं निघायला लागली होती. त्या कार्डावर महिन्याचं धान्य जवळजवळ फुकट म्हणावं अशा भावात मिळे. तळेघर, आहुप्याकडची माणसं सकाळची एसटी धरून डिंभ्यावरून खाली उतरत, कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसत, आणि साहेब नाहीत असं कळलं की दुपारच्या गाडीने मुकाट परत जात. चिमाबाई बसल्या नाहीत. साठीच्या आसपासचं वय, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, अनवाणी पाय, आणि हातात गोडेतेलाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले कागद. त्यांची वाडी तळेघरच्याही वर होती. एसटी गाठायलाच त्यांना दीड तास चालावं लागे.

"मावशी, आधी अर्ज तर द्या," मी म्हणालो.

"आर्ज देते की. पर धान्य कदी सुरू व्हईल ते सांगा. त्या बेतानं नाचणी पुरवाया पायजे."

आमच्या कचेरीत या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं, 'पुढच्या महिन्यात या.' त्या दिवशी का कोण जाणे, मी त्यांना खरं ते सांगितलं. कार्ड हातात पडलं म्हणजे धान्य सुरू झालं असं नसतं. नाव दुकानाच्या यादीत चढावं लागतं. महिन्याच्या वीस तारखेच्या आत चढलं, तर पुढच्या महिन्यापासून धान्य. एकविसाला चढलं, तर आणखी एक महिना थांबायचं.

त्यांनी डोळे बारीक करून सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी कार्डाला काय किंमत न्हाई. यादीला हाय."

"तसंच म्हणा."

"मग असं दारावर लिवून का न्हाई ठेवत?"

मी त्यांचे कागद पाहिले. त्यांचं नाव मुलाच्या कार्डावर होतं. एका माणसाचं नाव दोन कार्डांवर चालत नाही. आधी मुलाचं कार्ड आणून त्यावरचं नाव कमी करा, मग नवीन मिळेल, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

मुलाचं नाव बबन. नवरा गेल्यावर दोन वर्षं त्या बबनच्या घरात राहिल्या आणि मग शेताच्या कडेला चार मेढी रोवून, वर गवत घालून वेगळ्या झाल्या. कारण मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. "भाकर मोजून देत्यात. मोजली तर मोजली, घरात नसतंच त्याला काय करायचं. पर आल्यागेल्याम्होरं मोजत्यात." बबन कार्ड देणार नव्हता. आईचं नाव गेलं की तिच्या वाटचं धान्य जाणार, हे त्यालाही कळत होतं.

महिनाभराने चिमाबाई पुन्हा आल्या, पण स्वतःच्या कामासाठी नाही. बरोबर चार बायका होत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. चौघींच्या हातात तशाच तेलाच्या पिशव्या, आणि आत कागद अगदी मला लागतात त्याच क्रमाने लावलेले. एकजण अंगठा उमटवायला घाबरत होती. चिमाबाई तिच्यावर डाफरल्या, "कागुद काय कुत्रं हाय व्हय चावाया? ठेव अंगठा!" मग माझ्याकडे वळून, "आज चौदा तारीख हाय, भाऊसाहेब. सा दिस हायेत तुमच्याकडं."

आमचे साहेब आतून बघत होते. बाई गेल्यावर म्हणाले, "ही कोण नवी पुढारीण?" सगळे हसले. मीही हसलो.

इंग्रजी महिने त्यांना कळत नव्हते असं नाही, पण त्या महिन्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. मी 'सप्टेंबर' म्हटलं की त्या म्हणत, "सण सांगा. गवरी-गणपतीच्या म्होरं का मागं?" मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघायचो. त्या बायकांच्या पोटाचा हिशोब सणांवर चालायचा. भात संपतं कधी, नाचणी किती ओढायची, लावणी संपली की मजुरी बंद, आणि मग श्रावण-भादव्यात घरात काही नाही. त्या दोन महिन्यांच्या आत धान्य सुरू झालं तर उपयोग. दिवाळीनंतर सुरू झालं तर तोवर नवं भात आलेलं असतं.

दुकानदाराशी त्यांचं एकदा चांगलंच वाजलं. हे मला नंतर भागाबाईने सांगितलं. भागाबाई त्यांच्याच वाडीतली, पुढे तिचंही कार्ड झालं. यादीत नावं चढलेली असतानाही दुकानदार त्या चौघींना परत पाठवत होता. म्हणे, वरून माल आला नाही. चिमाबाई त्याला म्हणाल्या, "वरून म्हंजी कुठनं? वर तर आमीच ऱ्हातो." दुकानातली माणसं हसली. चिमाबाई हसल्या नाहीत. यादी दाखव म्हणून त्या वजनकाट्याशेजारी ठाण मांडून बसल्या. वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी यादी उलटीसुलटी करून पाहिली आणि चारही नावं धान्य न्यायला आलेल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून वाचून घेतली. संध्याकाळच्या आत चौघींना धान्य मिळालं.

असं करत फाल्गुनापासून आषाढापर्यंत त्यांनी अकरा बायकांची नावं चढवली. प्रत्येक वेळी वीस तारखेच्या आत. त्यांचं स्वतःचं मात्र बबनच्या कार्डात अडकलं होतं.

आषाढात एक दिवस त्या धो धो पावसात आल्या. तेलाच्या पिशवीतून बबनचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. तो दुसऱ्याच्या लावणीला गेला होता आणि सून खाचरात होती, तेव्हा फळीवरून उचलून आणलं होतं.

"परत ठिवायचंय मला जाग्यावर," त्या म्हणाल्या. "पर आदी नाव कापा."

नाव कापायला किती वेळ लागतो? तांबड्या शाईची एक रेघ, शिक्का, सही. चहा यायच्या आत काम झालं. नव्या कार्डाच्या अर्जाला तलाठ्याचा दाखला जोडलेला होता, फक्त त्यावर जावक क्रमांक टाकायचा राहिला होता. त्यासाठी त्यांना पुन्हा तळेघर आणि पुन्हा इथे, असे दोन दिवस घालवावे लागले असते. मी मोठेपणाने म्हणालो, "मी फोन करून नंबर घेतो. तुम्ही आता येऊ नका. नागपंचमीचे दिंड तुमच्या चुलीवर करा."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा एकदाच पाहिलं. खालचे दोन दात नव्हते.

अर्ज मी टेबलाच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन लावला, लागला नाही. तिसऱ्या दिवशी लावायचा राहिला. मग सोमवारी करू म्हटलं. एकोणीस तारखेला चिमाबाई भागाबाईला घेऊन आल्या. भागाबाईचे कागद पुरे होते, ती समोर उभी होती, मी तिचं नाव लगेच यादीत घातलं. चिमाबाई मागे खिडकीपाशी उभ्या होत्या. स्वतःच्या कामाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही, कारण मी बघतो म्हणून सांगितलं होतं. मला त्या वेळी खणातल्या अर्जाची आठवण झाली नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. झाली होती. दुपारी फोन करू, असं वाटलं. दुपारी साहेबांनी दुसरं काम दिलं. वीस तारखेला यादी वर गेली.

चार दिवसांनी ती शेरा मारून परत आली. त्या दुकानाच्या वाट्याला अंत्योदयची जेवढी कार्डं ठरलेली होती, तेवढी भरली होती. शेवटची जागा भागाबाईला मिळाली होती. आता त्या यादीतलं कुणी कमी झाल्याशिवाय नवीन नाव चढणार नव्हतं.

श्रावणात त्या आल्या. दुकानदाराने नाव नाही म्हणून सांगितलं होतं. मी नियम सांगायला सुरुवात केली. जागा, आकडा, वरचा शेरा. पूर्वी जसं ऐकायच्या तसंच डोळे बारीक करून त्यांनी ऐकलं.

"म्हंजी यादीतलं कुणी मरायची वाट बगायची," त्या म्हणाल्या.

"तसं नाही, मावशी."

"मग कसं?"

मी फाईल चाळत राहिलो.

"आन त्या यादीतल्या बाया समद्या मीच आणलेल्या," त्या म्हणाल्या. "कुणाचं मराण मागू?"

मी म्हणालो, बबनच्या कार्डावर पुन्हा नाव चढवू. त्यासाठी त्याची सही लागेल. त्यांनी नकाराची मान हलवली. कार्ड चोरून नेल्याचं बबनला कळलं होतं आणि त्याने वाडीत सगळ्यांसमोर आईला चोर म्हटलं होतं. कागदावर त्या आता कुठल्याच घरात नव्हत्या. खिडकीपाशी क्षणभर थांबून त्या निघाल्या. पुढच्या महिन्यात आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही.

भागाबाई मधे एकदा दाखल्यासाठी आली होती. तिने सांगितलं, आम्ही साऱ्याजणी आळीपाळीने शेरभर, अदपाव नेऊन देत होतो. पहिल्यांदा घेतलं. मग म्हणाल्या, तुमच्या लेकरांच्या तोंडचं मला गिळवत न्हाई. काही दिवस रानातले करांद्याचे कंद उकडून खाल्ले. भादव्यात ताप भरला. गवरी बसल्या त्या दिवशी बबन येऊन त्यांना घरी घेऊन गेला. तो आला, की वाडीने त्याला पाठवला, हे भागाबाईलाही सांगता आलं नाही. शेताच्या कडेचं खोपट पुढच्या वाऱ्याने बसलं ते बसलंच.

माघात यादीतला एक म्हातारा वारला. मी त्याच दिवशी चिमाबाईंचं नाव घातलं. तलाठ्याचा जावक क्रमांक एका फोनवर मिळाला. कार्ड घ्यायला बबन आला, आईच्या अंगठ्याचा कागद घेऊन. मी विचारलं, "मावशी कशा आहेत?" तो म्हणाला, "बऱ्या हायेत. सही कुठं करू?" मला वाटलं, उशिरा का होईना, निस्तरलं.

दोन वर्षांनी कार्डांच्या तपासणीसाठी मी त्यांच्या वाडीत गेलो. खरोखर वेगळी चूल आहे का, एवढं बघायचं होतं. नसेल तर कार्ड रद्द. बबनच्या ओसरीवर चिमाबाई बसल्या होत्या, कमरेतून वाकलेल्या, समोर सुपात नाचणी. मी शिधापत्रिकांची वही उघडताच सून आतून लगबगीने आली. "आत्याबाई वायल्याच हायेत, सायेब. त्यांची चूल तिकडं." तिने गोठ्याकडे बोट केलं. गोठ्यात तीन दगड मांडलेले होते. त्यांच्यामध्ये राखेचा कणसुद्धा नव्हता.

"मावशी, वेगळी चूल आहे का?" मी विचारलं. विचारावंच लागतं.

बबन दाराच्या चौकटीला टेकून आईकडे बघत होता. सूनही बघत होती. चिमाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तुमी आर्जात लिवली की व्हती, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "लिवा."

मी लिहिलं. 'स्वतंत्र चूल आहे.' त्यांनी अंगठा उमटवला. सून चहा करायला आत गेली. ओसरीवरच त्यांच्या ताटात दोन भाकरी झाकून ठेवलेल्या मी पाहिल्या. कार्ड चालू होतं तोवर त्या घरात त्यांची भाकरी मोजली जात नव्हती, एवढं मला कळलं.

परत निघताना त्या काठी टेकत बांधापर्यंत माझ्याबरोबर आल्या. दोन वर्षं जे बोलायचं होतं ते मी कसंबसं बोललो. "मावशी, तो अर्ज माझ्या खणात राहिला. माझ्यामुळे झालं हे सगळं." मनात असं होतं की त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊसाहेब, तुमचा काय दोष, सरकारचं कामच तसं.

त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळंच झालं. राग न्हाई माजा. पर तुमच्यामुळंच."

मग त्या म्हणाल्या, "जावा आता, गाडी चुकंल," आणि वळल्या.

कचेरीत मी ही गोष्ट पुढे बऱ्याच जणांना सांगितली. सगळे म्हणाले, नियमच तसा होता, तू काय करणार. साहेब म्हणाले, बायको म्हणाली. मलाही ते कधी कधी पटायचं.

चिमाबाई पुढच्या वर्षी वारल्या. दहाव्याला वाडीतल्या सगळ्या बायका घाटावर आल्या होत्या, असं भागाबाईने सांगितलं. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवावं असं माझं त्यांच्याशी कुठलं नातंही नव्हतं.